नोंद गाडीची, परवाना माणसाचा

१० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात विमान चालवण्याचा पहिला परवाना जे. आर. डी. टाटांना मिळाला. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. त्याच सुमारास त्यांच्याकडे बुगाटी मोटार होती आणि ती ते वेगात हाकत. मुंबईच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर भरधाव गाडी चालवल्याचा आरोप त्यांच्यावर आला, तेव्हा बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी या वकिलांना गाठलं. पुढे १९३० मध्ये विकाजींच्या पुतणीशी, थेल्मा यांच्याशी, त्यांचा विवाह झाला, म्हणून ही हकिगत लोकांच्या लक्षात राहिली. १५ ऑक्टोबर १९३२ ला याच जेआरडींनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघालेलं पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवलं. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात.

ही हकिगत सांगून कोणी म्हणेल, की बघा, रस्त्यावरच्या वेगाचं इतकं काय घेऊन बसलात, देशाचा पहिला वैमानिकसुद्धा त्यात अडकला होता. मला हा निष्कर्ष मान्य नाही. पण ज्याच्या नावावर चलानं आहेत त्याने कॉकपिटचं नाव काढू नये, हे उलटं टोकही मला मान्य नाही. या दोन्हींच्या मध्ये नेमकं काय धरायचं, हे मला इथे मांडायचं आहे. कारण हा प्रश्न आता बुगाटीवाल्यांचा राहिलेला नाही. तो एमएच-०५ पाटीच्या स्कूटरवाल्यांचा झाला आहे.

डोंबिवली पश्चिमेचं कोपर घ्या. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वर वसईहून पनवेलकडे जाणारी लाइन, आणि स्टेशनाबाहेर रिक्षा, टेम्पो, दुचाक्या यांची अखंड दाटी. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तिथून प्रवासी विमानं सुटू लागली, आणि आपल्या भागातल्या मुलामुलींच्या बोलण्यात हे क्षेत्र एकदम जवळ आलं. (त्या विमानतळासाठी पनवेलकडची जी दहा गावं उठवली गेली, त्यांत एक कोपरही होतं. आपलं नव्हे, नावापुरतं सारखं. त्या गावकऱ्यांनी या धावपट्टीसाठी काय मोजलं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेला मुलगा आता इंजिनीअरिंगच्या बरोबरीने सीपीएलची, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सची, चौकशी करतो. उडायला शिकायला गोंदियाला जायचं की बारामतीला, धुळ्याला की थेट परदेशात, यावर घरात चर्चा होते. खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो, टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्याच्या पात्रतेचे, पैसे वेगळे. म्हणजे बहुतेक घरांत राहता फ्लॅट तारण ठेवायचा. एवढी मोठी उडी घेताना आई-वडील सगळं विचारतात, डोळ्यांचा नंबर विचारतात, नोकरीची हमी विचारतात. मुलगा रस्त्यावर गाडी कशी चालवतो हे मात्र त्या यादीत नसतं.

कायद्याच्या यादीतही नसतं. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी १८ वर्षं पूर्ण हवीत, बारावी हवी, क्लास वन मेडिकल हवं, डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षांत ७० टक्के हवेत, २०० तासांचं उड्डाण हवं, कौशल्यचाचणी हवी. मोटारीच्या लायसन्सचा यात कुठे संबंध नाही. ज्याला स्कूटरही चालवता येत नाही असा माणूस वैमानिक होऊ शकतो, आणि त्यात गैर काही नाही. त्यामुळे हेल्मेटचं किंवा सिग्नलचं चलान बसलं म्हणून विमानाचा परवाना नाकारला जाईल, ही भीती निराधार आहे. दंड भरला, विषय संपला.

पण विषय कुठे संपत नाही, तेही माहीत हवं. दारू पिऊन गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, आणि ते प्रकरण न्यायाधीशासमोर जातं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. बेदरकारपणे चालवून कोणाचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१. कोणाचा जीव गेला तर कलम १०६, आणि पाच वर्षांपर्यंत कैद. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये 'धोकादायक वाहन चालवणे' याचा अर्थ उलगडून सांगितला आहे, आणि त्यात लाल सिग्नल तोडणं, मोबाइल हातात धरणं आणि रॉंग साइडने गाडी घालणं ही तिन्ही नावं घेऊन आली आहेत. आपण ज्याला किरकोळ समजतो, त्याला कायद्याने एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद ठेवली आहे.

असा फौजदारी खटला उभा राहिला, की विमानाच्या वाटेवर दोन दारं अडतात. पहिलं पासपोर्टचं. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(एफ) नुसार फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, मग कोर्टाची परवानगी आणावी लागते. दुसरं विमानतळाचं. ज्या एअरपोर्ट एंट्री परमिटवाचून कोणी कर्मचारी आत पाऊल टाकू शकत नाही, ते नागरी विमान सुरक्षा ब्यूरोकडून मिळतं आणि त्याआधी पोलीस पडताळणी होते. म्हणजे गुन्हा विष्णुनगर पोलीस ठाण्यात नोंदला गेला, आणि मुलगा दोन वर्षं गोंदियाला उडायला शिकून परत आला, तरी ती नोंद त्याच्या आधी दारात उभी असते.

इथपर्यंतचा भाग वकील सांगू शकतो. मला जास्त छळतो तो पुढचा प्रश्न. रस्त्यावरचं वागणं खरोखर आकाशातल्या वागण्याबद्दल काही सांगतं का?

दारूच्या बाबतीत उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये लहान विमानं उडवणाऱ्या लाखो वैमानिकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या नावावर दारू पिऊन मोटार चालवल्याची नोंद होती, त्यांच्या विमानांना अपघात होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. यात आश्चर्य नाही. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य आहे आणि ब्रीथ ॲनालायझरवर शून्यच दिसावं लागतं. रस्त्यावरचे तीस मिलिग्रॅम इथे चालत नाहीत. पहिल्यांदा सापडलात तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचा रद्द. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाच्या उड्डाण-संचालन विभागाचे संचालकच दिल्ली-लंडन विमानाआधी या चाचणीत सापडले आणि त्यांचा परवाना तीन वर्षांसाठी गेला. ज्याला 'दोन पेगने काय होतंय' हे वाक्य विशीत सवयीचं झालं आहे, त्याला पुढे पस्तीस वर्षं हा शून्य सांभाळायचा आहे.

वेगाच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. एका चौकात ६० च्या जागी ७० ने गेलेला मुलगा वाईट वैमानिक होईल, असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. गाडी चालवण्याचं कसब आणि विमान उडवण्याचं कसब यांचंही फारसं नातं नाही. उत्तम मोटारचालक सिम्युलेटरमध्ये गोंधळतात. नातं असेल तर ते कसबात नसून नियमाकडे बघण्याच्या नजरेत आहे.

डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा होऊन सप्टेंबर २०२१ मध्ये उघडला. मधली दोन वर्षं पूर्व-पश्चिमेचा सगळा भार ठाकुर्लीच्या पुलावर पडला. त्या काळात इथे राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे, की कोंडी वाढली तसे लोक उलट्या दिशेने घुसू लागले. पहिल्यांदा घुसणारा चाचरत, दोन्हीकडे बघत घुसतो. काही होत नाही. आठवड्याने तो न बघता घुसतो. महिन्याने समोरून योग्य दिशेने येणाऱ्यावर हॉर्न वाजवतो, कारण आता ती त्याची वाट झालेली असते. पूल उघडला, कोंडीचं कारण काहीसं कमी झालं, पण ती वाट काही माणसांच्या अंगात राहिली. लोकांचं चुकलं असं नुसतं म्हणणं अन्यायाचं होईल, हेही खरं. पूल दोन वर्षं बंद ठेवणारी, खड्डे तसेच सोडणारी, सिग्नल बसवून न चालवणारी व्यवस्थाच माणसाला शिकवते, की नियम हा पाळण्याजोगा नाही. पण कोणी शिकवलं याने शिकलेली गोष्ट बदलत नाही.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ डायन वॉन यांनी १९८६ च्या चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करून १९९६ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याच्या मुळाशी हेच आहे. नियमापासून थोडं ढळलं, काही वाईट झालं नाही, म्हणून ते ढळणंच नवा नियम बनलं. अवकाशयानाच्या रबरी कड्यांना आधीच्या उड्डाणांत इजा होत होती, यान सुखरूप परतत होतं, त्यामुळे ती इजा चालण्यासारखी ठरली. विमानांत याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मला ३१ मे २०१४ च्या अपघातात दिसतं. बोस्टनजवळच्या बेडफर्डला एक खासगी गल्फस्ट्रीम जेट धावपट्टी सोडू शकलं नाही, सात माणसं गेली. विमान उभं असताना सुकाणू अडकवून ठेवणारं कुलूप काढायचंच राहून गेलं होतं. उड्डाणाआधी सुकाणू पूर्ण फिरवून बघायची तपासणी केली असती तर ते तिथल्या तिथे कळलं असतं. तपास करणाऱ्यांनी मागचा डेटा काढला, तेव्हा दिसलं की आधीच्या १७५ उड्डाणांपैकी १७३ वेळा ही तपासणी पूर्ण झालेलीच नव्हती. ते दोघे वैमानिक अननुभवी नव्हते. कित्येक वर्षं बरोबर उडत होते. १७३ वेळा काही झालं नव्हतं, एवढंच.

आपल्याकडे २२ मे २०१० ला मंगळूरला विमान अपघातात १५८ माणसं गेली. विमान नीट रांगेत आणि नीट वेगात आलेलं नाही, परत वर घ्या, असं सहवैमानिक वारंवार म्हणत राहिला, कॅप्टन उतरवत राहिले. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पुन्हा तसंच घडलं. पावसात, जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे पडल्यावर चाकं टेकली, आणि २१ माणसं गेली. तपास अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणं हे संभाव्य कारण म्हणून नोंदवलं आणि व्यवस्थेतल्या त्रुटींकडेही बोट दाखवलं. कोळिकोडचे कॅप्टन हवाई दलात मानाची तलवार मिळवलेले, मोठ्या अनुभवाचे, सन्मानाने सेवा केलेले गृहस्थ होते. त्यांच्या कागदावर डाग शोधूनही सापडला नसता. म्हणून मी असा दावा मुळीच करत नाही, की रस्त्यावरची नोंद बघून आकाशातला अपघात आधी सांगता येईल. स्वच्छ नोंद ही हमी नव्हे, आणि खराब नोंद हे भाकीत नव्हे.

मग खराब नोंदीला अर्थ काय? माझ्या मते तिचा अर्थ प्रशिक्षणाच्या सुरुवातीपुरता आहे, आणि तिथे तो मोठा आहे. विमान कंपनीत प्रत्येक उड्डाणाचा डेटा उतरवला जातो. कुठे वेग जास्त होता, कुठे उतरण जास्त तीव्र होती, कुठे चाकं जोरात आपटली, सगळं नोंदलं जातं आणि तपासलं जातं. उतरण्याच्या वाटेवर ठरावीक उंचीला सगळं जागच्या जागी नसेल, तर वैमानिकाने आपली हुशारी बाजूला ठेवून विमान पुन्हा वर घ्यायचं असतं. यालाच ते गो-अराउंड म्हणतात. उशीर होतो, इंधन जातं, मागे बसलेले दीडशे लोक कुरकुरतात, आणि तरीही तेच करायचं असतं. आता विचार करा, ज्या मुलाने सहा वर्षं रोज पुढच्या कटपर्यंत जाऊन वळायच्या तीन मिनिटांसाठी रॉंग साइड घातली, त्याला फ्लाइंग स्कूलच्या दीड-दोन वर्षांत ही सवय उलटी करायची आहे. होते उलटी. माणूस बदलतो, विशीत तर फार लवकर बदलतो. पण आपल्याला काय उलटं करायचं आहे हे त्याला आधी दिसलं पाहिजे. नोंदीचा खरा उपयोग हा. ती दुसऱ्याने आपल्याला नाकारण्यासाठी असते त्याहून जास्त, आपली आपल्याला दिसण्यासाठी असते.

आणि इथेच आपली सगळी रचना फसली आहे. आपल्याकडे नोंद माणसाची होतच नाही, गाडीची होते.

चौकातला कॅमेरा नंबर प्लेट टिपतो. ई-चलानचा मेसेज ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या मोबाइलवर जातो. स्कूटर बाबांच्या नावावर, कधी आईच्या, कधी दुकानाच्या. मुलगा ट्रिपल सीट गेला, मेसेज बाबांना आला. बाबा दोन दिवस ओरडतात, मग भरतात, किंवा लोकअदालतीत तडजोड होते म्हणून साठू देतात. सरकारच्या दप्तरात गुन्हेगार कोण? साठीचे, सकाळी ७.५० ची लोकल पकडून आयुष्यभर नोकरी केलेले बाबा. मुलाची पाटी कोरी. त्याला कोणी फॉर्मवर विचारलं, 'तुमच्या नावावर वाहतुकीचा गुन्हा आहे का?' तर तो 'नाही' लिहील आणि कागदोपत्री खोटं बोललेला नसेल. नाकाबंदीत हवालदाराने हाताने अडवून लायसन्स घेतलं, तरच माणूस नोंदला जातो. त्यातही पुष्कळदा 'साहेब, जाऊ द्या ना, मुलगा शिकतोय' हे वाक्य येतं, आणि तो खरंच शिकत असतो, फक्त काय शिकतोय हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही.

या दुबळ्या रचनेचं सगळ्यांत भीषण रूप आपण १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरला पाहिलं. १७ वर्षांच्या मुलाच्या हातात बिननोंदणीची पोर्श, दोन तरुण अभियंते गेले. काही तासांत जामीन, अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. रक्ताचा नमुनासुद्धा बदलता येत असल्याचा संशय जिथे घ्यावा लागतो, तिथे कागदावरची नोंद किती पवित्र मानायची? जेआरडींच्या काळात पैसेवाल्याला चांगला वकील मिळे, इतकाच फरक पडे. आज मला भीती याची वाटते, की आपण उद्या वैमानिकांसाठी रस्त्याची नोंद बघायचा नियम केला, तर त्यात अडकेल तो कोपरचा मुलगा, ज्याचं नाव नाकाबंदीत लिहिलं गेलं. ज्याचं नाव लिहिलंच जात नाही तो सुटेल. म्हणून मागणी करताना मी आधी ही मागणी करेन: गुन्हा चालवणाऱ्याच्या लायसन्सवर नोंदवा. अल्पवयीनाच्या बाबतीत कायद्याने हे धाडस केलं आहे. कलम १९९ए नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ते क्वचित लागू होतं, हा भाग वेगळा. पण त्यात मुलगा दिसतो तरी.

आता लपवण्याबद्दल. माझ्या मते खराब नोंद आणि वैमानिकाचा व्यवसाय यांच्यातला सगळ्यांत महत्त्वाचा धागा हाच आहे.

अमेरिकेचा हवाई नियामक वैमानिकाला साध्या वेगाच्या दंडाबद्दल विचारत नाही. पण दारू किंवा अमली पदार्थांमुळे मोटारीच्या लायसन्सवर कारवाई झाली, तर ६० दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. मेडिकलच्या फॉर्ममध्येही लायसन्स निलंबित झाल्याचा इतिहास सांगावा लागतो. कळवलं नाही, तर ते न कळवणं हाच स्वतंत्र गुन्हा, आणि परवाना त्यासाठी जाऊ शकतो. विमान कंपनीला नोकरी देण्याआधी राष्ट्रीय वाहनचालक नोंदवहीत नाव तपासावं लागतं. २००९ च्या १२ फेब्रुवारीला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून ५० जण गेले. त्या कॅप्टनने आधीच्या सगळ्या नापास चाचण्या कंपनीला सांगितल्या नव्हत्या, असं तपासात निघालं. त्यातूनच वैमानिकांच्या नोंदी एका जागी ठेवणारी आजची राष्ट्रीय व्यवस्था आली. आपल्याकडेही माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द करण्याचा अधिकार १९३७ च्या विमान नियमांतल्या नियम १९ मध्ये आहे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवलेले वैमानिक पकडले गेले, तेव्हा देशाने तो धक्का अनुभवला आहे. ज्याच्या हातात विमान आहे, त्याने 'माझ्याकडून हे झालं' असं स्वतःहून म्हणणं ही या धंद्याची रोजची गरज आहे. उतरताना चूक झाली तर ती त्याच संध्याकाळी लिहून द्यायची असते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ती होऊ नये. फॉर्मवरच्या पहिल्या रकान्यात जो लपवतो, तो हे लिहून देईल यावर विश्वास कसा ठेवायचा?

पण सांगणाऱ्याला शिक्षाच होणार असेल, तर कोण सांगेल? इथे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार समंजस वाट दाखवली आहे. सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये जुने खटले लपवणाऱ्यांबद्दल २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांनी निकाल दिला. त्याचा गाभा असा: माहिती खरी द्यायची. खरी दिली म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, मालकाला विचार करायचा हक्क आहे. पण गुन्हा किरकोळ असेल, कोवळ्या वयातला असेल, सांगितला असता तरी माणूस अपात्र ठरला नसता, तर लपवणंही माफ करण्याची मुभा मालकाला आहे. गंभीर गुन्हा लपवला तर मात्र नाही. वय, गुन्ह्याचं वजन आणि पदाची जबाबदारी, या तिन्हींचा एकत्र विचार. विमान कंपन्यांनी आणि डीजीसीएने हीच मोजपट्टी रस्त्याच्या नोंदीला लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

परतीची वाट किती लांबवर ठेवता येते, याचं एक टोकाचं उदाहरण आहे. ८ मार्च १९९० ला नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे तीन वैमानिक दारूच्या अंमलाखाली प्रवासी विमान घेऊन फार्गोहून मिनिॲपोलिसला उतरले. कॅप्टन लाइल प्राउस तुरुंगात गेले, सगळे परवाने गेले. त्यांनी दारू सोडली, शिक्षा भोगली, सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. त्याच कंपनीने त्यांना परत घेतलं आणि ते जंबो जेटचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. हे शक्य झालं कारण अमेरिकेत १९७० च्या दशकापासून व्यसनी वैमानिकांसाठी उपचार, देखरेख आणि परतीची एक बांधीव योजना आहे. आपल्याकडे निलंबनाचे महिने ठरलेले आहेत, पण त्या महिन्यांत त्या माणसाचं काय करायचं, हे तितकं ठरलेलं नाही. शिक्षा आहे, उपचाराची सक्ती नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण ती थेट प्रवाशांच्या जिवाशी जोडलेली आहे.

तेव्हा माझं मागणं असं आहे. फ्लाइंग स्कूलच्या प्रवेशाच्या वेळीच, म्हणजे फ्लॅट तारण जाण्याआधी, उमेदवाराला लेखी विचारावं: दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला झाला का, लायसन्स कधी निलंबित झालं का, तुमच्या गाडीने कोणी जखमी किंवा मृत झालं का. चौथा प्रश्न नको. हेल्मेट, पार्किंग, पीयूसी यांत शिरायचं कारण नाही. 'हो' असं उत्तर आलं, तर दार लावू नये. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याचं अल्कोहोलच्या दृष्टीने नीट वैद्यकीय मूल्यमापन व्हावं, गरज वाटली तर वर्षभर थांबायला सांगावं. लायसन्स निलंबित झालेल्याला २०१९ च्या दुरुस्तीतला चालकांचा उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करायला लावावा. 'नाही' असं उत्तर आलं आणि पुढे ते खोटं निघालं, तर मात्र कुठलीही सवलत नको.

आणि कोपरमधल्या आई-बाबांना, ज्यांची मुलं आज हा विचार करत आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सहा चलानं साठली म्हणून त्याचं स्वप्न मोडू नका. फक्त ती चलानं तुम्ही भरू नका. महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाका, प्रत्येक चलानाचा फोटो उघडा, आणि त्या दिवशी, त्या चौकात, त्या वेळी स्कूटरवर कोण होतं ते त्याला त्याच्या तोंडाने सांगू द्या. त्याला ती स्वतःच्या पैशाने भरू द्या, शिकवणीच्या, सुट्टीतल्या कामाच्या, कसल्याही. खटला प्रलंबित असेल तर आधी चांगला वकील गाठून तो निकाली काढा, निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवा, आणि मगच पासपोर्टच्या आणि फ्लाइंग स्कूलच्या फॉर्मला हात लावा. त्याच्या गाडीने कोणी जखमी झालं असेल, तर त्या माणसाच्या उपचारांची चौकशी आधी करा, गोंदियाची फी नंतर भरता येईल. आणि फॉर्मवर तो प्रश्न आला, की पेन त्याच्या हातात द्या. उत्तर त्याला लिहू दे.